दुसरी प्रत, दुसऱ्या गांवीं

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेस रात्रीं दक्षिण कोरियांतील डेजॉन शहरीं सरकारी संगणकांच्या इमारतीस आग लागली. यंत्रांच्या दालनांतील लिथियम बॅटऱ्या हलविण्याचें काम चालू असतां त्यांपैकीं एकीनें पेट घेतला, आणि ती आग पुरती विझविण्यास जवळजवळ एक दिवस लागला. देशांतील शेंकडों सरकारी सेवा बंद पडल्या. त्यांपैकीं बऱ्याचशा पुढें एकामागून एक चालू झाल्या. परंतु एक वस्तु परत आली नाहीं. सरकारी नोकरांनीं आपलीं कामाचीं कागदपत्रें ठेवावीं म्हणून ‘जी-ड्राइव्ह’ नांवाचें एक सामाईक कोठार केलेलें होतें. त्यांत ८५८ टेराबाइट माहिती होती. कोठार फारच मोठें, म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर कोठेंहि ठेवलेली नव्हती. कोठार जळालें, आणि वर्षानुवर्षांचें काम त्याबरोबर गेलें.

तंत्रविद्येंत अग्रगण्य समजल्या जाणाऱ्या देशाच्या सरकारावर जो प्रसंग आला, तो एखाद्या लहान बँकेवर, रुग्णालयावर, छापखान्यावर किंवा शाळेवर येणार नाहीं असें कोण म्हणेल? आज ह्या सर्वांचें दप्तर ‘सर्व्हर’ नांवाच्या संगणकांत असतें. कचेरींतील इतर सर्व संगणक ज्याच्याकडून माहिती घेतात आणि ज्याच्या स्वाधीन करतात, तो हा सर्व्हर. पूर्वीं दप्तर रुमालांत बांधून फडताळांत ठेवीत. तें जळूं लागलें तर निदान धूर तरी दिसे. सर्व्हरमधील दप्तर एका चुकीच्या आज्ञेनें, धूर न निघतां आणि आवाज न होतां, क्षणांत नाहींसें होऊं शकतें. म्हणून त्याची राखीव प्रत, जिला सर्वत्र ‘बॅकअप’ म्हणतात, कशी ठेवावी ह्याचा विचार आधींच करून ठेवावा लागतो. आग लागल्यावर विहीर खणावयास घेण्यांत शहाणपण नाहीं, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको.

प्रतींचें महत्त्व ह्या देशास नवें नाहीं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या, असें संतचरित्रकार सांगतात. ते अभंग लोकांच्या मुखीं होते म्हणूनच वांचले, असें मानणारेहि आहेत. दुसऱ्या अर्थानें पाहिलें तर राखीव प्रतीचें सारें शास्त्र त्या एका वाक्यांत आलें: मूळ वही नदींत गेली तरी तींतील शब्द अन्यत्र, अनेकांपाशीं, नदीच्या आवांक्याबाहेर असले पाहिजेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ सर्व्हरांत एकच माहिती एकाच वेळीं दोन किंवा अधिक डिस्कांवर लिहिण्याची योजना असते. तिला ‘रेड’ म्हणतात. एक डिस्क मोडली तरी काम थांबत नाहीं, हा तिचा मोठा गुण होय. परंतु ती राखीव प्रत नव्हे. आरशासमोर उभें राहून कपाळावरचें गंध पुसलें, कीं आरशांतलेंहि गंध त्याच क्षणीं पुसलें जातें. तशीच येथील गोष्ट. एखाद्या कारकुनानें चुकून हिशेबाचें खातें पुसलें, तर तें दोन्ही डिस्कांवरून एकाच वेळीं पुसलें जातें. राखीव प्रत म्हणजे काल काय होतें हें आज सांगूं शकणारी वस्तु; आज काय आहे हेंच दोनदां दाखविणारी नव्हे.

दप्तरावर येणारीं संकटें मुख्यतः चार प्रकारचीं असतात. यंत्राचा बिघाड हें पहिलें. माणसाची चूक हें दुसरें. कोणाची तरी दुष्टबुद्धि हें तिसरें. आणि आग, पूर, भूकंप ह्यांनीं त्या स्थळाचाच नाश होणें हें चवथें. पहिल्या दोहोंवर कचेरींतल्या कचेरींत ठेवलेली प्रत पुरते. तिसऱ्यावर अशी प्रत हवी कीं जिला तारेनें कोणी स्पर्श करूं शकणार नाहीं. चवथ्यावर दुसऱ्या गांवीं ठेवलेली प्रतच उपयोगीं पडते. एकच औषध ह्या चारींवर चालत नाहीं. म्हणूनच डिस्क आणि फीत, जवळचें घर आणि दूरचें घर, असा जोडव्यवहार करावा लागतो. अमेरिकेंतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं हा व्यवहार एका सोप्या नियमांत बसविला, आणि तो जगभर रूढ झाला: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत वास्तूच्या बाहेर.

नियम सोपा असला तरी योजना करतांना चालकांनीं आधीं दोन प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत. पहिला प्रश्न असा कीं, किती काळाचें काम गमावण्याची संस्थेची तयारी आहे? एखाद्या ग्रंथालयास एका दिवसाच्या नोंदी पुन्हां करणें जड नाहीं. बँकेस मात्र एका तासाच्याहि नोंदी गमावणें परवडत नाहीं. दुसरा प्रश्न असा कीं, काम बंद पडल्यापासून किती वेळांत तें पुन्हां सुरू झालें पाहिजे? रुग्णालयास चार तास म्हणजे फार झाले. ज्या कचेरीचें काम महिनाअखेरीसच येतें तिला दोन दिवसहि चालतील. हीं उत्तरें यंत्रें विकणाऱ्यानें द्यावयाचीं नाहींत आणि यंत्रें सांभाळणाऱ्यानेंहि नाहींत. ज्याच्यावर संस्थेची जबाबदारी आहे त्यानेंच तीं द्यावीं. खर्च किती करावा हें त्यांवरून ठरतें.

आतां साधनांकडे वळूं गेल्यास, डिस्क आणि फीत ह्यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. डिस्क ही फिरती तबकडी; तिच्यावरील कोणतेंहि पान क्षणांत उघडतें. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें काढलेल्या पहिल्या डिस्कयंत्रांत पन्नास मोठ्या तबकड्या होत्या, आणि त्या सर्व मिळून सुमारें ५ मेगाबाइट माहिती मावत असे. आजच्या मोबाइलवरच्या एक-दोन छायाचित्रांनीं ती जागा भरून जाईल. फीत तिच्याहूनहि वडील. जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनीं १९२८ सालीं कागदी पट्टीवर चुंबकीय भुकटी बसवून तीवर आवाज उमटविण्याची युक्ति काढली. नभोवाणीवरील ध्वनिमुद्रणास त्या युक्तीचा मोठाच उपयोग झाला. आणि १९५२ सालीं आय. बी. एम. नें संगणकासाठीं फितीचें यंत्र बाजारांत आणलें. फितीवरील एखादें पान हवें असल्यास तेथपर्यंत फीत गुंडाळीत जावें लागतें. कॅसेटवरचें मधलें गाणें ज्यांनीं शोधलें आहे त्यांस हा त्रास ठाऊक आहे.

असें असतां फीत अद्यापि टिकून कां आहे? कारण फळीवर ठेवलेल्या फितीस वीज लागत नाहीं, तिच्यांत फिरणारें यंत्र नाहीं, आणि मोठ्या सांठ्याच्या मानानें ती स्वस्त पडते. ‘एल. टी. ओ.’ ह्या नांवानें प्रचलित असलेल्या फितीची पहिली पिढी २००० सालीं निघाली. तिच्या एका डबीत १०० गिगाबाइट माहिती मावे. २०२१ सालीं निघालेल्या नवव्या पिढीच्या डबीत १८ टेराबाइट, म्हणजे १८० पट माहिती मावते. तळहातावर राहील अशा त्या डबीत अर्धा इंच रुंदीची आणि १,०३५ मीटर लांबीची फीत गुंडाळलेली असते. सेकंदास ४०० मेगाबाइट ह्या वेगानें ती पुरती भरण्यास साडेबारा तास लागतात. नीट जपल्यास ती तीस वर्षें टिकावी असें करणारे सांगतात.

ह्या वेगांतच एक खोंच आहे. फितीचें यंत्र सतत आणि वेगानें चालूं दिलें तरच सुखी असतें. सर्व्हरकडून माहिती थांबत थांबत येऊं लागली, तर फीत थांबते, मागें जाते, पुन्हां पुढें धांवते. बूट पुसणाऱ्या पोऱ्याच्या फडक्याप्रमाणें तिचें मागेंपुढें चालू राहतें. त्यानें वेळ जातो आणि फीतहि झिजते. म्हणून शहाणी योजना ही कीं, सर्व्हरवरील माहिती रात्रीं प्रथम वेगळ्या डिस्कांवर उतरावी, आणि तेथून निवांतपणें, एका धारेनें, फितीवर जावी. हरवलेलें एखादें पत्र डिस्कवरून पांच मिनिटांत परत मिळतें. आणि सर्वनाशाच्या वेळीं फीत हाताशीं राहते.

उदाहरणार्थ, मुंबईंतील एक मध्यम आकाराची कचेरी कल्पावी. तिच्या सर्व्हरवर ४ टेराबाइट माहिती आहे, आणि रोज त्यांपैकीं शेंकडा २ म्हणजे ८० गिगाबाइट माहिती बदलते. दर शुक्रवारीं रात्रीं सर्व माहितीची पूर्ण प्रत घ्यावी, आणि सोमवार ते गुरुवार फक्त आदल्या दिवसापासून बदललेली माहिती घ्यावी. एका आठवड्याच्या प्रतींस ४.३२ टेराबाइट जागा लागेल. चार आठवड्यांच्या प्रती डिस्कवर ठेवावयाच्या तर सतरा टेराबाइटांहून थोडी अधिक जागा हवी. परंतु माहिती वाढत जाणार. ती दरसाल शेंकडा २० वाढते असें धरलें, तर तीन वर्षांनीं हाच आंकडा तीस टेराबाइटांवर जातो. शिवाय नवी पूर्ण प्रत तयार होऊन तपासली जाईपर्यंत सर्वांत जुनी प्रत पुसावयाची नसते. म्हणून आणखी एका पूर्ण प्रतीपुरती सात टेराबाइट जागा राखली पाहिजे. एकूण सदतीस. माहिती दाबून बसविण्याची सोय असल्यास ह्याहून कमी पुरेल. परंतु छायाचित्रें व चलच्चित्रें आधींच दाबलेलीं असतात, तीं फारशीं आणखी दबत नाहींत. आजच्या गरजेपुरतीच डिस्क घेणारी कचेरी वर्षभरांत जागा संपली म्हणून जुन्या प्रती पुसूं लागते, आणि नेमकी त्याच वेळीं जुनी प्रत हवी होते.

फितींचा क्रम लावण्याची एक जुनी पद्धति आहे. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्या तींत मानतात. सोमवार ते गुरुवार ह्यांच्या चार फिती हे मुलगे. त्या दर आठवड्यास पुन्हां वापरावयाच्या. महिन्यांतील शेवटचा सोडून बाकीच्या शुक्रवारांच्या फिती हे वडील; एखाद्या महिन्यांत पांच शुक्रवार येतात, म्हणून ह्या चार ठेवाव्या. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची फीत हे आजोबा, अशा बारा. एकूण वीस फितींत वर्षभराचा इतिहास मावतो. गेल्या आठवड्याचा कोणताहि दिवस, गेल्या महिन्याचा कोणताहि आठवडा, आणि गेल्या वर्षाचा कोणताहि महिना पुन्हां उघडतां येतो. ४ टेराबाइटांची पूर्ण प्रत फितीवर उतरण्यास सुमारें पावणेतीन तास पुरतात. म्हणजे शनिवारीं सकाळीं कचेरी उघडण्यापूर्वीं फीत बाहेर जाण्यास तयार असते.

ती जावी कोठें, हा पुढचा प्रश्न. वरच्या मजल्यावर किंवा समोरच्या गल्लींत ठेवणें म्हणजे बाहेर ठेवणें नव्हे. २००५ सालच्या २६ जुलैस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीं एका गल्लींत पाणी आणि दुसरी कोरडी असा भेद थोडाच राहिला होता? २०१२ सालच्या २१ जूनला मुंबईंत मंत्रालयास आग लागली, तेव्हां वरचे मजले जळाले आणि त्यांबरोबर पुष्कळ कागदपत्रेंहि जळालीं. परदेशांत पाहावें तर २०२१ सालच्या १० मार्चला फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें एका मोठ्या कंपनीचें सर्व्हरांचें केंद्र आगीनें गेलें. कांहीं गिऱ्हाइकांनीं राखीव प्रती ठेवल्या होत्या. पण त्या त्याच आवारांत होत्या, आणि मुळाबरोबर त्याहि गेल्या. म्हणून मुंबईच्या कचेरीची फीत पुण्यास किंवा नाशिकास जावी, हें इष्ट. एका पावसानें, एका विजेच्या बिघाडानें किंवा एका दंग्यानें दोन्ही स्थळें एकदम सांपडूं नयेत, हीच दूरपणाची कसोटी होय.

तारेनें माहिती पाठवितां येत असतां फीत गाडींतून कां न्यावी, असें कोणी विचारील. सेकंदास १०० मेगाबिट वेगाच्या तारेनें ४ टेराबाइट माहिती जाण्यास साडेतीन दिवसांहून अधिक काळ लागतो. फितीची डबी सकाळच्या गाडीनें दुपारपर्यंत पुण्यास पोंचते. परत आणण्याची घाई असेल तेव्हां हा फरक फारच जाणवतो. रोजचा थोडा बदल तारेनें आणि आठवड्याचा मोठा भार गाडीनें, अशी वांटणी पुष्कळांस सोयीची पडते. मात्र आठवड्यांतून एकदांच फीत बाहेर जात असेल, तर इमारत जळाल्यास एका आठवड्यापर्यंतचें काम जाईल, हें चालकांनीं मान्य करून ठेवलेलें असावें. मान्य नसेल तर फीत रोज गेली पाहिजे. पहिला प्रश्न येथें पुन्हां समोर येतो.

कचेरींत ठेवलेल्या फितींसाठीं कागदांची अग्निरोधक तिजोरी पुरेल असें समजूं नये. कागद सुमारें १७७ अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत वांचवावा अशा बेतानें ती बनविलेली असते. फितीस मात्र ५२ अंशांच्या वर उष्णता लागूं देऊं नये असें मानतात, आणि तिच्यासाठीं वेगळी तिजोरी मिळते. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत ओलावा हाहि शत्रूच आहे. फिती थंड आणि कोरड्या जागींच ठेवाव्या.

दूरच्या फितीचा दुसरा गुण असा कीं, ती कोणत्याहि तारेस जोडलेली नसते. २०१७ सालच्या जून महिन्यांत ‘नॉटपेट्या’ नांवाच्या घातकी कार्यक्रमानें मर्स्क ह्या डेन्मार्कच्या जहाजकंपनीचे संगणक जगभर निकामी केले. कोणता संगणक आणि कोणता मनुष्य कोणत्या अधिकाराचा, ह्याची यादी ठेवणारे सुमारें दीडशें सर्व्हर तिच्यापाशीं होते. ते एकमेकांच्या प्रती होते, पण सर्व तारेनें जोडलेले. म्हणून सर्व एकदम पुसले गेले. घाना देशांतील एक सर्व्हर मात्र वांचला, कारण त्या वेळीं तेथील वीज गेली होती! तेथून माहिती तारेनें आणणें फार हळू पडेना म्हणून ती डिस्क माणसाबरोबर हातोहात इंग्लंडास पाठविण्यांत आली, आणि तिच्यावरून कंपनीनें आपला संसार पुन्हां मांडला. एवढ्या मोठ्या कंपनीचें रक्षण योजनेनें नव्हे तर वीज जाण्यानें झालें. जें तेथें दैवानें घडलें तें फितीची डबी फळीवर ठेवणारा कारकून दर शनिवारीं ठरवून घडवून आणतो.

फीत घराबाहेर जाते म्हणजे ती वाटेंत हरवूंहि शकते. २००५ सालच्या फेब्रुवारींत बँक ऑफ अमेरिकेनें जाहीर केलें कीं, सुमारें १२ लाख सरकारी नोकरांची माहिती असलेल्या फिती वाहतुकींत गहाळ झाल्या आहेत. ह्यास उपाय म्हणजे फितीवरील माहिती गूढलिपींत लिहिणें. २००७ च्या सुमारास आलेल्या चवथ्या पिढीपासून एल. टी. ओ. च्या यंत्रांतच ती सोय आहे. पण त्या लिपीची किल्ली जर त्याच सर्व्हरवर ठेवली असेल, तर सर्व्हर गेल्यावर फीत हातीं असूनहि वाचतां येणार नाहीं. किल्लीची प्रतहि दुसऱ्या ठिकाणीं, दोन जबाबदार माणसांच्या माहितींत असावी.

तसेंच फीत टिकली तरी ती वाचणारें यंत्र टिकेल असें नाहीं. सातव्या पिढीपर्यंतचीं यंत्रें आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचीत. आठव्या व नवव्या पिढीचीं एकच मागची पिढी वाचतात. आणि २०२५ सालीं आलेलें दहाव्या पिढीचें यंत्र मागची एकहि वाचीत नाहीं. नवें यंत्र घेतांना जुन्या महत्त्वाच्या फिती नव्यावर उतरवून घेणें, किंवा जुनें यंत्र चालू स्थितींत सांभाळणें, हा खर्च आरंभींच हिशेबांत धरावा.

एवढें सर्व केलें, तरी एक गोष्ट राहते, आणि तीच बहुधा राहते: प्रत परत उघडून पाहणें. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार ह्या संस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ चें काम चालू असतां पुसण्याची एक चुकीची आज्ञा गेली, आणि चित्रपटाच्या फायली डोळ्यांदेखत नाहींशा होऊं लागल्या. राखीव प्रती काढावयास गेले, तों त्या नीट उतरतच नव्हत्या असें आढळलें. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन नुकत्याच बाळंत झाल्यामुळें घरीं बसून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकांत एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून गाडींतून आणला, आणि चित्रपट वांचला. २०१७ सालच्या जानेवारीच्या ३१ तारखेस गिटलॅब ह्या कंपनींत थकलेल्या नोकरानें रात्रीं भलत्याच सर्व्हरवरील सुमारें ३०० गिगाबाइट माहिती पुसली. प्रतीच्या पांच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. त्यांपैकीं एकहि भरंवशाची निघाली नाहीं. रोजची प्रत कित्येक दिवस बनतच नव्हती, आणि ती बनत नाहीं हें कळविणारीं पत्रेंहि कोणास पोंचत नव्हतीं. सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कारणासाठीं घेतलेली एक प्रत सांपडली, म्हणून नुकसान सहा तासांवर निभावलें.

उलट बाजूचें उदाहरणहि आहे. २०११ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस गूगलच्या एका नव्या कार्यक्रमांतील दोषामुळें कांहीं लोकांच्या जीमेलच्या पेट्या रिकाम्या झाल्या. प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण दोष त्या सर्वांत पसरला. शेवटीं पत्रें परत आलीं तीं फितीवरून. कारण फिती तारेपासून दूर होत्या, आणि दोष तेथपर्यंत पोंचूं शकला नाहीं.

म्हणून दर महिन्यास एखादी फायल आणि वर्षांतून एकदां संपूर्ण सर्व्हर, वेगळ्या यंत्रावर परत उभा करून पाहावा. किती वेळ लागला तो नोंदवहींत लिहावा. आणि फीत कोणी नेली, कोणी घेतली ह्यांच्या सह्या त्याच वहींत असाव्या. हें काम एका नेमलेल्या माणसाचें असावें, आणि तो रजेवर असतां दुसऱ्या कोणाचें हेंहि ठरलेलें असावें. त्या वहीची छापील प्रत दूरच्या घरींहि असावी, कारण संकटाच्या दिवशीं ती संगणकांतून काढतां येणार नाहीं.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं सर्व्हर नसेल. पण मुलांचीं छायाचित्रें, घराचीं खरेदीखतें, वडिलांच्या आवाजाचें एखादें मुद्रण ह्या वस्तु एकाच मोबाइलमध्यें किंवा एकाच डिस्कवर असतील. त्यांस फितीचें यंत्र नको. दोन साध्या डिस्क पुरेत: एक घरच्या कपाटांत, आणि दुसरी परगांवीं राहणाऱ्या बहिणीकडे. दिवाळींत भाऊबीजेस जातांना घरची ताजी डिस्क बरोबर न्यावी, तिच्याकडची जुनी घेऊन यावी, आणि परत आल्यावर ती एकदां उघडून पाहावी.